बायेचा वाव

१

माझ्या दुकानात काटा आहे, मीटरपट्टी आहे, तिच्यावर सरकारी शिक्काही आहे. तरी सातपाटीची मैनाबाई आली की पहिलं वाक्य ठरलेलं. "शेट, ती पट्टी ठेव तिकडं. वावानं मोज."

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत भरेल तेवढी लांबी. दर्यावर पाण्याची खोली वावानं सांगतात आणि दोरही वावानंच मागतात. गिऱ्हाइकाला उंच माणसाचा वाव हवा असतो, दुकानदाराला बुटक्याचा. माझ्या वडिलांनी बोईसरला दुकान टाकलं तेव्हा मुद्दाम एक ठेंगणा गडी ठेवला होता. कोळणींनी तो डाव लगेच ओळखला. एकीनं आपला ताडमाड दीर आणून गल्ल्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "आजपासून ह्याचा वाव." वडील हसले आणि त्यांनी दिरालाच नोकरीला ठेवून घेतलं. नोकरीला लागल्यावर त्याचेही हात हळूहळू आखूड झाले, ही पुढची गोष्ट.

मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. जे शिकलो ते असं शिकलो. दोर, जाळी, ताडपत्री, कारखान्यांसाठी गमबूट आणि हातमोजे. बोईसरला नामदेवशेटचं दुकान विचारा, रिक्षावाला आणून सोडेल.

घर मात्र तारापूरला लागून चिंचणीला, समुद्रालगतच्या वाडीत. आमचे पूर्वज काथ्याचे दोर वळायचे. त्यांची एक रीत घरात चालत आलेली. नवा दोर हातात घेतला की पहिला वाव कापून बाजूला काढायचा. घराच्या पश्चिमेच्या दाराला एक खुंटी आहे, तिच्यावर ते तुकडे वर्षभर लटकत राहायचे, आणि नारळी पौर्णिमेला नारळाबरोबर समुद्राला जायचे. त्याला आमच्यात बायेचा वाव म्हणतात. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, कुठली बाय? ते म्हणाले, "घरची लेक. तिचा वाटा आहे तो." पुढं विचारलं तर त्यांनी विषय बदलला. आणखी एक नियम होता. दोर वळायचा तो वाडीत दक्षिण-उत्तर. समुद्राच्या दिशेनं कधी नाही.

माझा मुलगा भाग्येश यंदा गल्ल्यावर बसला. हुशार आहे. होता म्हणायला अजून जीभ वळत नाही. बसल्या बसल्या त्यानं पहिली ही रीत बंद केली. "बाबा, काथ्या होता तेव्हा ठीक. आता कंपनीचं नायलॉनचं बंडल फोडायचं आणि पहिला तुकडा समुद्रात टाकायचा, याला धंदा म्हणतात का?"

हिशेबानं पोरगं बरोबर होतं. मी खुंटी रिकामी राहू दिली.

त्यानंतर ते सुरू झालं. नायलॉनच्या दोराचं टोक कंपनीतून वितळवून गोळी करून येतं, म्हणजे पीळ सुटत नाही. आम्ही सीलबंद बंडल गिऱ्हाइकासमोर फोडायचो आणि टोकाला गोळी नसायची. कोयत्यानं एका घावात तोडावं तसं साफ टोक. मोजलं तर दोर एक वाव कमी. आधी एक बंडल, मग दुसरं, मग प्रत्येक. भाग्येशनं कंपनीला फोनवर फैलावर घेतलं. मग आमच्या पोरांच्या पिशव्या तपासल्या. मैनाबाई ते टोक बोटावर फिरवत मला म्हणाली, "शेट, तू नाय देत म्हणून कोनी घेतंय जनू." आणि हसली. तिला आमची रीत माहीत होती. अर्ध्या किनाऱ्याला माहीत होती.

मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, हा धंद्याचा नियम.

२

दुकानामागं गोडाऊन आहे. बोळ अरुंद, टेम्पो उलटाच आत घ्यावा लागतो. आमचा ड्रायव्हर रामकिसन परभणीकडचा, इथं औद्योगिक वसाहतीत आला तेव्हापासून माझ्याकडे. त्या बोळात डोळे मिटून गाडी घालेल असा.

एका दुपारी भाग्येश गोडाऊनमध्ये पाठमोरा उभा राहून गमबुटांची खोकी मोजत होता. रामकिसननं टेम्पो उलटा घ्यायला सुरुवात केली. मी पुढं दुकानात होतो. गाडी नेहमीपेक्षा लांब मागं गेल्याचा आवाज ऐकला, मग खोकी दबल्याचा, मग भाग्येशची शिवी.

तो उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. तो उभा होता तिथं भिंत आणि टेम्पो यांच्यामध्ये गमबूट चपाती झाले होते.

रामकिसन खाली उतरला. "शेट, मला सांगितलं म्हणून घेतली. बाई म्हणाली, ये, माग मोकला हाय. दोनदा म्हणाली."

"कोण बाई?" भाग्येश त्याच्या अंगावर गेला. "आपल्या गोडाऊनमध्ये बाई आहे का कुणी? दारू प्यायलास दिवसाढवळ्या?"

"पीत नाही मी, भाग्येशभाऊ. माळ घातली आहे."

मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. म्हटलं, अरे, आजकाल मोठ्या गाड्यांना उलटं घेताना बोलणारी बाई बसवलेली असते. रस्त्यावरून एखादा ट्रेलर गेला असेल, तिचा आवाज आला असेल. मला स्वतःला ते पटलं. धंद्यात माणूस आधी स्वतःला पटवतो, मग गिऱ्हाइकाला.

रामकिसननं मान हलवली. "ती गाडीतली बाई 'सावध' म्हणते, शेट. ही 'ये' म्हणाली."

३

माझी मुलगी कीर्ती भाग्येशहून धाकटी. तिची आई गेल्यापासून माझी खरी चौकशी करणारी तीच. लग्न होऊन केळव्याला दिली, तिथं नवरा-बायको पर्यटकांना घरगुती खोल्या देतात. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात ती एका पाहुणीला घेऊन चिंचणीला आली.

"बाबा, या सोलांजबाई. फार लांबून आल्यात. मॉरिशसच्या शेजारी एक फ्रेंचांचं बेट आहे, रियुनियन म्हणून, तिकडच्या. शाळेत शिकवायच्या. आता रिटायर होऊन आपल्या पूर्वजांचा शोध घेतायत."

"मग इथं कशा?"

"त्यांची खापरखापर, आणखी किती खापर लावायची माहीत नाही, ती आजी तारापूरची होती म्हणतात."

बाई साठीच्या, सावळ्या, केस पांढरे आणि आखूड. फ्रेंच बोलायच्या, मोडकंतोडकं इंग्रजी, आणि कीर्ती मला मराठीत सांगायची. बेटावर अगदी सुरुवातीला गेलेल्या फ्रेंच माणसांबरोबर बायका नव्हत्या. त्यांच्यासाठी आपल्या या किनाऱ्यावरून बायका नेल्या गेल्या. इथं तेव्हा फिरंग्यांचा अंमल, जहाजांची ये-जा. त्यातल्या एकीच्या लग्नाच्या नोंदीत गाव तारापूर लावलंय आणि नाव मारी. ते नाव पाद्र्यानं ठेवलेलं. खरं नाव कुणी विचारलं नाही.

"तेवढं नाव मिळालं तर बघायला आलेय म्हणतात," कीर्ती म्हणाली. "आणखी एक माहिती आहे त्यांच्याकडे. ती बाई दोर वळायची. बेटावर गेल्यावर केवड्याच्या पानांचे वळायची. म्हणून मी यांना तुमच्याकडे आणलं."

माझं लक्ष बाईंच्या हातांकडे होतं. ओट्यावर निळ्या दोराचं वेटोळं पडलं होतं. बाईंनी ते उचललं आणि कुणी न सांगता दोन्ही हात पसरून छातीसमोर एक वाव मोजला. नंतर दुसरा. मनगट कसं वळतं, टोक अंगठ्याखाली कसं धरतात, हे शिकवावं लागतं. माझ्या आत्या असंच मोजायच्या.

"विचार गं, हे कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही म्हणतात. घरात सगळ्या बायका असंच मोजतात. त्यांच्याकडे मुलींचा एक खेळ आहे, तो दाखवू का विचारतात. त्यातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. तिथल्या प्रोफेसरांना पण लागले नाहीत."

बाई अंगणात उतरल्या. कीर्तीला त्यांनी एका जागी उभं केलं आणि हात गोल फिरवत राहायला सांगितलं. स्वतः कंबरेशी दोन्ही हात धरून, काहीतरी सोडत असल्यासारखे हलवत, तिच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागं मागं चालू लागल्या. आणि एका सुरात म्हणू लागल्या. उच्चार फ्रेंच होते. शब्द नव्हते.

"ये, माग मोकला हाय. ये, माग मोकला हाय."

ओट्यावर भाग्येश मोबाईल बघत बसला होता. त्यानं मान वर केली.

कीर्तीचा हात फिरायचा थांबला. बाईंनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की शब्द लागले.

मग मला सांगावं लागलं. काथ्याचा दोर वळायला दोन माणसं लागतात. एक रहाट फिरवतो. दुसरा काथ्या कंबरेला खोचून, तो हातानं सोडत सोडत उलटा चालत जातो. जितकं मागं जाल तितका दोर वाढतो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, आणि मान वळवली की पीळ तुटतो, म्हणून त्याला मागं बघता येत नाही. रहाटावरचा माणूस म्हणजे त्याच्या पाठीचे डोळे. खड्डा असेल, गाय असेल, पोर आलं असेल तर तो सांगतो. काही नसेल तर म्हणतो, ये, मागं मोकळं आहे. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात थोडं खोटं खपतं. या एका ठिकाणी नाही.

कीर्तीनं ते बाईंना सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज बदलला, कारण तिला कळत गेलं. समुद्राच्या दिशेनं दोर का वळायचा नाही, ते मलाही त्याच क्षणी कळलं. एक मुलगी समुद्राकडे पाठ करून चालत होती. रहाटावर तिचा भाऊ होता. त्याला तिच्या मागं होडी दिसत होती, होडीतून उतरलेली माणसं दिसत होती. आणि तो म्हणत होता, ये.

"भाऊच कशावरून?" भाग्येश म्हणाला.

"दादा, बायेचा वाव कोण देतं? ज्याच्याकडे घर राहिलं तो. आपण देतोय."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, खेळ अजून संपला नाही. पहिल्या डावात मुलगी मागं चालते, इतर जणी हात पसरून तिच्या मागं उभ्या राहतात आणि ती त्या हातांत सापडते. दुसऱ्या डावात ती रहाटावर येते. एका डावावर खेळ थांबवायचा नाही, अशी त्यांच्या आजीची ताकीद.

"मग दुसऱ्या डावात भावाचं काय होतं, विचार की," भाग्येश हसत म्हणाला.

कीर्तीनं विचारलं.

"म्हणतात, भाऊ तिकडे कधी नव्हताच. म्हणून दुसऱ्या डावात चालायला कुणी नसतं. त्या नुसत्या रहाट फिरवतात, 'ये' म्हणतात आणि वाट बघतात. प्रत्येक पिढीत."

४

आता घरातली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वाडीचा समुद्राकडचा भाग एका पार्टीला हवा होता. इकडं बंदराच्या बातम्या आल्यापासून जमिनींना पाय फुटलेत. भाग्येशनं व्यवहार जवळपास ठरवला होता. अडकलं होतं ते कीर्तीच्या हक्कसोडीवर. लेकीचा वारसा कायद्यानं असतोच, आणि आमच्याकडं बहिणी राखी बांधायला येतात त्याच दिवशी भाऊ हळूच कागद पुढं करतात. सगळ्या किनाऱ्यावर करतात.

बाई वाडी बघत फिरत होत्या तेव्हा भाग्येशनं बोलणं काढलं.

"पौर्णिमेला येशीलच ना? तेव्हा एक सही कर. तलाठ्याला द्यायचा साधा कागद आहे."

"कसला साधा?"

"वारसनोंदीचा गं. फॉर्मॅलिटी. तुझ्या मागं काही लचांड राहणार नाही, मी बघतो ना."

"वाचायला दे."

"मोठी वकिलीण. माझ्यावर विश्वास नाही का?"

कीर्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत होतो. त्या कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला दिसत होतं. मी म्हणालो, "नंतर बोला रे, पाहुण्या आहेत घरात."

तिनं रहाटावर हात फिरवावा तसा हवेत एकदा हात फिरवला. "ये, मागं मोकळं आहे. असंच ना, दादा?"

भाग्येश उठून गेला. ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाला दोर विकता तेव्हा कुठं झिजलाय ते आधी दाखवता. तुमचं नाव त्यावर आहे. मला दाखवलं नाहीत."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी समजूत घातली असती. ती अगदी थंडपणे म्हणाली. तिच्या तोंडी असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दाराची चौकट धरून ती उभी होती, आणि तिच्या खांद्याशेजारी ती खुंटी. यंदा रिकामी असलेली.

खुंटीवर एक दोराचा तुकडा होता. निळा, नायलॉनचा. मी म्हटलं, गड्यांपैकी कुणीतरी टांगला असेल.

५

पौर्णिमेला कीर्ती आली ती बाईंना घेऊनच. पाऊस उघडला होता. भाग्येशला तिनं ओवाळलं, राखी बांधली, तिसरी गाठ जरा जास्तच घट्ट. त्यानं ओवाळणी घातली आणि टेबलावरच्या फाईलकडे बोट केलं. ती म्हणाली, "करते सही. बाईंना काथ्याचा दोर वळताना बघायचाय. लहानपणी आपण वळायचो तसा. तेवढं झालं की करते."

भाग्येश खूश झाला. माळ्यावरचा रहाट त्यानं स्वतः काढला, कुरकुरत होता म्हणून तेल सोडलं. पण जागा कुठली? दक्षिण-उत्तर पट्टीवर त्यानंच पार्टीसाठी तारेचं कुंपण घालून खडीचे ढीग टाकले होते. मोकळी रेषा एकच उरली होती. पश्चिमेच्या दारापासून सुरूच्या झाडांमधून सरळ खाली वाळूत.

"समुद्राकडं नको रे," मी म्हणालो.

"बाबा, ओहोटी आहे. पाणी कुठं आणि आपण कुठं. वावभर दोर वळायचा तर त्याला काय मुहूर्त काढायचा?"

ओहोटी होतीच. दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी दाराच्या पायरीवर उभा राहिलो. कीर्ती रहाटावर बसली. बाई तिच्या बाजूला मोबाईल धरून चित्रण घेत होत्या. भाग्येशनं काथ्या कंबरेला खोचला, टोक आकड्याला अडकवलं आणि आमच्याकडे तोंड करून उलटा चालू लागला.

हात विसरला नव्हता पोरगा. रहाटाची घरघर, काथ्याची सरसर, आणि त्याच्या बोटांमधून दोर निघत होता, एकसारखा, पिवळाजर्द. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हटलं, बघ, भावंडंच आहेत ती. सही होईल, पार्टी पैसे देईल, मी कीर्तीला काहीतरी दागिना करून देईन, सगळं मिटेल.

तो सुरूच्या झाडांपर्यंत गेला. तिथून जमीन वाळूत उतरते. उताराच्या कडेला तो थांबला आणि हसून ओरडला, "मागं बघा हां. मोकळं आहे ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आधारासाठी हात चौकटीवर टेकवला. हाताला काहीतरी मऊ, जाड लागलं. खुंटी दोराच्या तुकड्यांनी भरली होती. निळे, हिरवे, नारिंगी, एकावर एक, सगळे एकेका वावाचे. वर्षभरात आम्ही फोडलेल्या प्रत्येक बंडलाचा रंग तिथं होता. आणि सगळे ओले.

तेवढ्यात उत्तर गेलं. "ये. माग मोकला हाय."

कीर्तीचा आवाज. मी तो जन्मापासून ओळखतो.

भाग्येश मागं सरकला. आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर. मी पायरीवर उंचावर होतो म्हणून मला उताराच्या पलीकडचं थोडंफार दिसत होतं, इतरांना नाही. ओली, चकाकणारी वाळू. पाणी दूर. आणि त्याच्या पाठीमागं, जिथं क्षणापूर्वी काही नव्हतं, तिथं कुणीतरी उभं होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांत होती, चेहरा मला दिसला नाही. दोन्ही हात दिसले. आडवे, पूर्ण पसरलेले, आपण वाव मोजताना पसरतो तसे. ते हात हलत नव्हते. तो त्यांच्याकडे जात होता.

मी ओरडलो. मला वाटतं मी ओरडलो.

"ये," पुन्हा एकदा. "ये."

त्याचं डोकं उताराखाली गेलं. रहाटावरचा दोर ताणला, इतका की आकडा वाकला. मग सैल पडला.

६

वाळूवर त्याची पावलं होती. उलट्या चालीची, टाचा खोल रुतलेली. उतारावरून ओल्या वाळूपर्यंत सरळ गेलेली. पाण्याच्या बऱ्याच अलीकडे ती थांबली होती. बाजूला दुसरं एकही पाऊल नव्हतं. शेवटच्या पावलाशी राखी पडली होती. तिन्ही गाठी बांधलेल्याच होत्या. मनगटातून ती कशी निघाली ते सांगता येत नाही.

मी दोर ओढून घेतला. टोक एका घावात तोडलेलं, साफ. नुकताच वळलेला, मूळ लांबीच माहीत नव्हती, म्हणून मोजून काही कळणार नव्हतं. तरी मी हात पसरले, आणि मिटून घेतले.

पोलीस आले, सातपाटीच्या होड्या गेल्या, मैनाबाईचा मुलगा आपली होडी घेऊन दांडीच्या खाडीपर्यंत शोधून आला. कुणी म्हणालं वाळू भुसभुशीत झाली असेल, कुणी म्हणालं पार्टीकडून आगाऊ पैसे घेऊन पोरगा पळाला असेल. मी सगळ्यांना चहा दिला. प्रत्येकाचं म्हणणं मला थोडा वेळ पटायचं.

ती फाईल कीर्तीनं उघडून वाचली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, माझ्यासमोर बसून. मग बंद केली.

एकदा मी तिला विचारलं. विचारायला मला बरेच दिवस लागले. "पोरी, तू त्याला 'ये' का म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, मी तोंडसुद्धा उघडलं नाही. मला तर झाडांमुळं मागचं काही दिसतच नव्हतं, मी कशी सांगेन? तुम्ही सांगितलंत. पायरीवरून. तुमचाच आवाज होता, म्हणून मी रहाट फिरवत राहिले."

आम्ही दोघं खोटं बोलत नव्हतो. किंवा दोघंही बोलत होतो. इतकी वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचली, स्वतःच्या लेकीचं मला वाचता आलं नाही. तिलाही माझं आलं नसावं.

सोलांजबाई परत गेल्या. त्यांच्या मोबाईलमध्ये ते सगळं आहे, आवाजासकट. जाताना त्यांनी कीर्तीला विचारलं होतं, पाठवू का? कीर्तीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी नको म्हणालो. ऐकून काय होणार? दोघांपैकी एक आवाज असेल, आणि दोन्ही माझ्याच घरचे. परवा बाईंचा निरोप आला. नाव मिळालं नाही याचं आता वाईट वाटत नाही म्हणतात. आणखी एक लिहिलंय. बेटावर त्यांच्या नाती अंगणात तो खेळ खेळत होत्या. पहिला डाव झाला आणि मुली घरात निघून गेल्या. दुसऱ्या डावासाठी कुणी थांबलंच नाही. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आता गल्ल्यावर कीर्ती बसते. वाडी तिच्या नावावर आहे, विकायची नाही असं तिनं पार्टीला कळवलं. नवं बंडल आलं की ती पहिला वाव स्वतः कापते आणि मोजायला हात पसरते. तेवढा वेळ मी दुकानात थांबत नाही. काहीतरी काम काढून बाहेर येतो.

मागच्या बोळात टेम्पो लागलेला असतो. रामकिसन खिडकीतून डोकं काढून विचारतो, "शेट, मागं मोकळं हाय का?"

मी गाडीच्या मागं जातो, भिंतीपर्यंत चालत जाऊन हातानं चाचपतो, परत पुढं येतो. आणि तरी उत्तर देत नाही. त्याला म्हणतो, उतर, आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.